एका वाचकासाठी

या संग्रहातले निबंध लिहिले गेले तेव्हा त्यांना एकच वाचक मिळणार होता, आणि तो वाचक मी होते. आमच्या भाषाविज्ञान विभागात एम.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लघुप्रबंध लिहावा लागे. मार्चअखेर स्पायरल बांधणीच्या प्रती माझ्या टेबलावर यायच्या, एप्रिलभर मी त्या तपासायची, मे महिन्यात गुण परीक्षा विभागाकडे जायचे आणि पहिल्या पावसाआधी त्या प्रती लोखंडी कपाटात बंद व्हायच्या. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं. निवृत्तीच्या आठवड्यात ते कपाट रिकामं करायची वेळ आली तेव्हा विभागातल्या शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, हे रद्दीत द्यायचं का?" मी उत्तर न देता फरशीवर बसले आणि वरची प्रत उघडली. संध्याकाळी मामा दिवे बंद करायला आले तेव्हाही मी तिथेच होते.

काही निबंध उघडायची मला गरजच पडली नाही. वरचं नाव वाचलं की आतलं पान डोळ्यांपुढे यायचं, इतकंच काय, तो निबंध मी कुठे बसून तपासला होता तेही आठवायचं. सगळ्यांत जास्त गुण मिळवलेले निबंध यांत फारसे नव्हते. शुद्धलेखन निर्दोष, संदर्भ जागच्या जागी, प्रकरणांची मांडणी नेटकी, असे कितीतरी निबंध मी चांगले गुण देऊन विसरून गेले होते. लक्षात राहिले ते निराळे. ज्याने लिहिलं त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाला तो प्रश्न सुचलाच नसता, असे. त्यांतले अकरा निबंध इथे, लिहिणाऱ्यांच्या परवानगीने, छापले आहेत.

विद्यार्थिदशेत लिहायला मिळालेला एखादा निबंध माणसाला इतका आनंद का देतो, हे मला माझ्या स्वतःच्या निबंधावरून कळलं होतं. तो मी १९८३ साली लिहिला. विषय होता पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले शब्द. पेशवाईत कोकणातून आलेली तांबट घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या तांब्यापितळेची भांडी घडवत आली आहेत. विषय माझाच होता, कारण माझ्या आजीचं घंगाळ त्या आळीतून आलेलं होतं आणि लहानपणी त्याच्या अंगावरचे ठोके मी बोटांनी मोजत असे. पण पहिला मसुदा लिहायला बसले तेव्हा घंगाळ विसरले आणि भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरपासून सुरुवात केली. चौदा पानं झाली तरी आळीचा पत्ता नव्हता. माझ्या सरांनी समासात पेन्सिलीने दोन वाक्यं लिहून मसुदा परत केला: "हे मी वाचलं आहे. तुम्ही काय ऐकलंत?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आळीत गेले. वही उघडली आणि शब्द टिपायला लागले. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तपेलं ही नावं माहीतच होती. मठारणं म्हणजे काय ते तिथे कळलं: भांड्याच्या अंगावर एकाशेजारी एक नेमके ठोके पाडत जायचं, त्याने पत्र्याला बळकटी येते आणि ते चमकते ठिपके उमटतात जे मी लहानपणी मोजत होते. ज्यांच्या दुकानाच्या पायरीवर मी बसत असे ते काका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, नुसती लिहीतच बसणार आहेस का? जरा कान दे." ठोके पडत राहतात तसं तांबं कडक होत जातं आणि त्याचा आवाज बदलतो, खणखणीत व्हायला लागतो. तो एका ठिकाणी पोचला की हात थांबवायचा, भांडं भट्टीत घालायचं, लाल होऊ द्यायचं, म्हणजे ते पुन्हा मऊ होतं. आणखी चार ठोके जास्त पडले तर पत्रा तडकतो. काका मला डोळे मिटायला सांगत, ठोकत राहत आणि मध्येच विचारत, "आता घालू का भट्टीत?" मी दहा वेळा चुकले. अकराव्या वेळी बरोबर सांगितलं तेव्हा आतून काकूंनी चहा पाठवला. पुढे पीएच.डी. मिळाली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

माझ्या निबंधाचं शेवटचं प्रकरण मग शब्दांविषयी राहिलंच नाही. ज्या ज्ञानाला नाव नसतं पण जे एका कानातून दुसऱ्या कानात दिलं जातं, त्याच्याविषयी ते होतं. भाषाविज्ञानाच्या निबंधात हे बसतं का, अशी भीती वाटत होती. सरांनी ते तसंच ठेवलं.

विद्यार्थ्याचा निबंध म्हणजे पुढच्या खऱ्या कामाची रंगीत तालीम, असं आपल्याकडे धरून चालतात. मला ते कधीच पटलं नाही. तालमीत माणूस दुसऱ्याने लिहिलेले संवाद म्हणतो. विद्यार्थ्याच्या चांगल्या निबंधात तो पहिल्यांदा स्वतःचं वाक्य बोलतो, आणि कधी कधी ते वाक्य पुढच्या शंभर वर्षांना पुरतं.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. विषय होता भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, त्यांचा उगम आणि विकास. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली तिथे आले होते, मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा होता, आणि हा निबंध वर्गासाठी लिहिलेला होता. मी तो दर वर्षी जुलैत नव्या वर्गाला वाचायला देत असे. वर्गातली निम्मी मुलं त्यांचा फोटो घरात पाहत वाढलेली असत, पण हा निबंध क्वचितच कुणी वाचलेला असे.

त्यात पहिल्यांदा जाणवतो तो हिशेब. जातीचं वैशिष्ट्य कशात आहे, असा प्रश्न घेऊन आंबेडकर एकेक उत्तर तपासतात आणि एकावर येऊन थांबतात: जातीतल्या जातीत लग्न. पण आपल्याकडे मुळात सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध, म्हणजे लग्न आपल्या गटाबाहेर करायचं ही चाल जुनी आणि पक्की. मग बाहेर लग्न करणाऱ्या समाजावर आत लग्न करण्याचं बंधन बसलं कसं, आणि टिकलं कसं? इथून पुढे तो तरुण जवळजवळ पाटीवर आकडेमोड करतो. बंद गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि स्त्रिया सारख्या संख्येने असायला हव्यात. नवरा-बायको एकाच वेळी मरत नाहीत. नवरा गेला की एक बाई जादा होते, बायको गेली की एक पुरुष जादा होतो. ही जादा माणसं गटाबाहेर लग्न करतील किंवा गटातल्या दुसऱ्याचा वाटा घेतील, आणि दोन्ही वाटांनी कुंपण मोडेल. मग त्यांचं करायचं काय? बाईला नवऱ्याच्या चितेवर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं. पुरुषाला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे आणि गटाला हवा आहे. त्याला संन्यासी करणंही परवडत नाही. तेव्हा अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींतून त्याच्यासाठी बायको शोधायची.

सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही एकाच गणिताची तीन उत्तरं आहेत, हे त्या पानावर दिसतं आणि वर्गात शांतता होते. दर वर्षी झाली. सतीबंदीचा कायदा १८२९चा, विधवांच्या पुनर्विवाहाचा १८५६चा, संमतिवयाचा १८९१चा. जवळपास साठ वर्षं आपल्याकडचे मोठमोठे लोक या चालींशी एकेक करून झगडले. त्या तिन्ही चाली ज्या एका कुंपणाची राखण करतात ते कुंपणच दाखवणारा हा निबंध वर्गात वाचायला लिहिला होता, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे.

मला स्वतःला त्यातली दुसरी एक जागा फार आवडते. आंबेडकर आपल्या आधीच्या अभ्यासकांना एकेक करून तपासतात. फ्रेंच सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि मग डॉ. केतकर. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. तेही काही वर्षांपूर्वी त्याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी होते, आणि त्यांचं भारतातल्या जातींच्या इतिहासावरचं पुस्तक १९०९ साली, पदवी मिळण्याच्या आधीच, तिथे इथाकात छापून निघालं होतं. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली: बाहेर लग्न करायला बंदी, आणि सभासदत्व फक्त जन्मानेच. आंबेडकर त्यांच्या नजरेचं मोकळेपणाने कौतुक करतात आणि लगेच दाखवतात की ही दोन लक्षणं वेगळी नाहीतच. बाहेर लग्न बंद केलं की बाहेरचं मूल आत येण्याचा प्रश्नच उरत नाही; एकाच नाण्याच्या या दोन बाजू. एक मराठी विद्यार्थी दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याला सात समुद्रांपलीकडे, आदर राखून, इतकं नेमकं उत्तर देतो, आणि दोघांचाही विषय घरून बरोबर आणलेला. शिक्षणाविषयी मला जे जे वाटतं ते सगळं या एका परिच्छेदात आहे.

जात मनूने निर्माण केली हे मत आंबेडकरांनी त्या वयातच नाकारलं होतं. एका माणसाने कायदा लिहिला आणि एवढा मोठा समाज त्याप्रमाणे विभागला गेला, हे त्यांना अशक्य वाटत होतं. मनूने जे होतं ते बांधून दिलं, असं ते म्हणतात. आधी एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतलं, बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं किंवा त्यांना ते करावं लागलं, अशी त्यांची मांडणी. अनुकरणाचा हा विचार त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्याकडून घेतला. आणि इतकं ठामपणे मांडल्यावर शेवटी ते म्हणतात की आपलं मत चुकीचं आहे असं कुणी दाखवून दिलं, तर आपण ते सोडून द्यायला तयार आहोत.

निबंधात स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग नाही. त्या खोलीत जातीचा चटका सगळ्यांत जवळून सोसलेला माणूस तोच असणार. पण तो विषयाकडे न डगमगता पाहतो, शास्त्रात भावनेला जागा नको असं बजावतो आणि हिशेब मांडत राहतो. तरी वाचताना कळतं की 'जादा बाई' हे दोन शब्द लिहिणाऱ्याने त्या बायका पाहिल्या आहेत. निबंध मे १९१७च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. पुढे १९४४ साली 'जातिनिर्मूलना'वरच्या आपल्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढताना, या जुन्या निबंधाचा त्यात समावेश करून सगळं नव्याने लिहावं असा आपला विचार होता, पण वेळ मिळाला नाही, असं त्यांनी नमूद केलं आहे. सत्तावीस वर्षांनीही तो वर्गातला कागद त्यांना जुना झालेला नव्हता.

इरावती कर्व्यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे, फक्त तिथे विषय घरून आलेला नव्हता. मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. करून १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक. फिशर वंशश्रेष्ठतेच्या विचाराचे. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतला असमानपणा इतर वंशांहून वेगळा असतो आणि बुद्धीशी त्याचा संबंध आहे, अशी त्यांची अटकळ होती. ती तपासण्याचं काम या विशीतल्या मराठी मुलीकडे आलं. तिने मोजमापाची साधनं घेऊन कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या मोजल्या, आणि असमानपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून तोच माणूस, आणि आकडे त्याच्या विरुद्ध. तिने आकडे लिहिले. पुढे महाराष्ट्रभर आणि देशभर पायपीट करून त्यांनी जे काम केलं, 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांकडे जसं न बिचकता पाहिलं, त्याची सुरुवात मला त्या कवट्यांच्या टेबलापाशी दिसते.

त्याहीआधी आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस होते. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि ते बाळ दहा दिवसांत गेलं होतं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत बाळंतिणीविषयी काय सांगितलं आहे ते त्यांनी मांडलं. परंपरेविषयीचा त्यातला अभिमान आजच्या वाचकाला थोडा जास्त वाटेल. मला तो खटकत नाही. आपलं घर ज्यांनी कधी पाहिलेलं नाही अशा परीक्षकांपुढे वीस वर्षांची मुलगी उभी आहे आणि विषय तिने तो निवडला आहे ज्याने तिला सगळ्यांत खोल जखम दिली. वर्षभरात त्या गेल्या. त्यामुळे तो प्रबंध हेच त्यांचं एकुलतं मोठं शास्त्रीय लेखन राहिलं.

आणखी कितीतरी नावं आहेत. धनंजयराव गाडगिळांचं भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक १९२४ साली आलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते पाठ्यपुस्तक म्हणून वाचलं. ते मुळात केंब्रिजला पदवीसाठी लिहिलेलं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांचा १९३९चा केंब्रिजचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे सांगायला तेवढी पानं पुरली. पृष्ठसंख्या वाढवायला उदाहरणांच्या यादीवर यादी जोडणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगत असे. आमच्या स्वतःच्या शास्त्रात तर मराठीच्या घडणीवरचा पायाभूत ग्रंथ झ्यूल ब्लोक या फ्रेंच माणसाचा, आणि तोही प्रबंधच, वा. गो. परांजप्यांनी तो मराठीत आणला म्हणून माझ्या पिढीला वाचता आला. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध १९६९चा. पुस्तक म्हणून तो फार उशिरा आला, आणि मधली कितीतरी वर्षं झेरॉक्स प्रतींवर झेरॉक्स काढून लोक तो वाचत राहिले. त्या प्रतींपैकी एक माझ्याकडे आहे; तिची काही पानं आता वाचताच येत नाहीत.

एवढ्या मोठ्या माणसांच्या रांगेत मी माझ्या विद्यार्थ्यांना बसवते आहे असं कुणी समजू नये. पण निबंध लिहिताना तीही विद्यार्थीच होती, आणि आपण कोण होणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला त्यांच्यातलं आणि माझ्या मुलांमधलं जे साम्य दिसतं ते एवढंच: प्रश्न स्वतःचा, आणि उत्तर काय येईल याचा आधी ठाव नाही.

देवगडच्या बाजूचा एक मुलगा होता. दोन वर्षं वर्गात तो जवळजवळ बोललाच नाही. लघुप्रबंधाचा विषय विचारला तेव्हा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे भरतीची दोन नावं आहेत. चालेल का?" त्याचे वडील मासेमारी करायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या आसपासची, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, ती भांगाची. जमिनीकडून समुद्राकडे पहाटे वाहणारा वारा म्हणजे मतलई. या शब्दांपासून निघून त्याने दाखवलं की त्याच्या वडलांच्या बोलण्यात दिवसाची वेळ घड्याळाने सांगितलीच जात नाही, पाण्याने सांगितली जाते. आणि पाण्याची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून त्यांच्या 'उद्या याच वेळेला' या शब्दांचा अर्थ आपल्यापेक्षा वेगळा असतो. हे वाक्य मी रात्री अकराला वाचलं आणि उठून खोलीत फेऱ्या मारल्या. मी स्वतः पुण्यात वाढलेली. समुद्रावर सुट्टीला गेलेली. हे मला शंभर पुस्तकांतून कळलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीने आपल्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन मुलींच्या नावांचा अभ्यास केला. नकोशी, नकुसा ही नावं कोणत्या घरांत, कितव्या मुलीला ठेवली गेली आणि कधी थांबली, हे तिने वर्षावर्षाने मांडलं. तो निबंध संग्रहात तिसरा आहे. त्याविषयी इथे मी जास्त लिहीत नाही; तो वाचायला हवा.

धुळ्याच्या मुलाचा निबंध मी एका निराळ्या कारणासाठी घेतला आहे. त्याची मातृभाषा अहिराणी. शहरात वर्षभर राहिलं की मुलं गावची बोली विसरतात, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि वसतिगृहातल्या मित्रांचं बोलणं, त्यांना विचारून, ध्वनिमुद्रित करायला घेतलं. मुलं काही विसरली नव्हती. मेसमध्ये ती एक बोलत, रात्री गच्चीवर जाऊन आईला फोन केला की क्षणात दुसरं. फेब्रुवारीत तो रडवेला होऊन माझ्याकडे आला: "मॅडम, माझा निष्कर्षच गेला." मी म्हटलं, गेला तो तुमचा अंदाज होता, निष्कर्ष तर आता मिळालाय. त्याने पहिलं प्रकरण पुसलं नाही. आपण काय समजत होतो ते तसंच ठेवून पुढे काय ऐकलं ते लिहिलं. त्यामुळे तो निबंध वाचताना एक माणूस विचार बदलताना दिसतो, आणि छापील शास्त्रीय लेखांत हे दृश्य फार कमी पाहायला मिळतं. तिथे सगळे पहिल्या पानापासूनच बरोबर असतात.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत तयार प्रबंध विकत मिळायला लागले होते, विषय सांगितला की बांधणीसकट. आता तर यंत्रालाच सांगितलं की ते लिहून देतं. मुलांवर रागावणं मला जमत नाही. ज्याला कधी स्वतःचा प्रश्न विचारायची मुभाच मिळाली नाही, त्याच्यासाठी निबंध म्हणजे फॉर्म भरण्यासारखंच एक काम. ते लवकर उरकावं असं त्याला वाटणारच. काळजी वाटते ती त्याच्या हातून निसटलेल्या आनंदाची. फरशीवर बसून ज्या प्रती मी उघडल्या त्यांतल्या काही अशा होत्या की लिहिणाऱ्याचा चेहरा मला आठवेना. त्या मुलांकडेही घरून आणण्यासारखं काहीतरी होतंच. ते काय, हे मी विचारलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

संपादन करताना मी शक्य तेवढा हात आवरला आहे. व्याकरणाच्या ठळक चुका दुरुस्त केल्या. बोलीतले उच्चार जसे लिहिले होते तसेच ठेवले. प्रत्येक लेखकाला, म्हणजे आता शिक्षक, बँकेतले अधिकारी, एका दवाखान्यातली परिचारिका आणि एक पोलीस उपनिरीक्षक झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना, मुद्रितं पाठवली आणि विचारलं, काही बदलायचंय का? बहुतेकांनी काहीच बदललं नाही. दोघांनी फोनवर सांगितलं की आपण हे लिहिलं होतं यावर विश्वासच बसत नाही.

एक दुरुस्ती मात्र झाली. संग्रहातला शेवटचा निबंध बीड जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे, ऊसतोड कामगारांच्या भाषेवरचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात. मुकादम आधी उचल देतो. उचल माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दोन माणसं मिळून एक अवजार. या एका शब्दावर तिने बावीस पानं लिहिली होती: टोळीत किती कोयते आहेत असं विचारतात, किती माणसं असं विचारत नाहीत, लग्न झालं की मुलगा 'कोयता' होतो, बाईने किती ऊस तोडला याचा वेगळा हिशेब कुठल्याच वहीत नसतो, कारण भाषेतच तिला वेगळं मोजायला जागा नाही. जुलैत वर्गात वाचलेला आंबेडकरांचा तो निबंध, जादा बाईचं ते गणित, तिच्या डोक्यात कुठेतरी काम करत होतं. तिने त्याचा उल्लेखही केला आहे, एका ओळीत.

निबंधाच्या शेवटी शब्दांची सूची आहे. त्यात 'अर्धा कोयता' या शब्दाचा अर्थ तिने दिला होता: जोडीदार नसताना एकटा तोडणीला जाणारा पुरुष. मुद्रितं मिळाली तेव्हा ती सुट्टीला गावी होती. तिने तो निबंध पहिल्यांदाच आईला मोठ्याने वाचून दाखवला. कोपीत कंदिलाच्या उजेडात जन्मलेली ही लेक काय शिकली ते आईने आजवर ऐकलं नव्हतं. सूचीपर्यंत आल्यावर आई म्हणाली, "थांब. तू दोन वर्षांची असताना तुझे बाप्पा आजारी होते. त्या साली मी एकटीच गेले होते, तुला पाठीशी बांधून. मीच होते की अर्धा कोयता."

तिने रात्री मला फोन केला. आधी काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, शेवटच्या पानावर एक शब्द बदलायचाय." 'पुरुष' होता तिथे आता 'माणूस' आहे.